गेटच्या अलीकडचं जंगल

जंगल पर्यटनाचा आराखडा म्हटला की कमानी, लाकडी फलक आणि बांबूच्या झोपड्या डोळ्यांपुढे येतात. कामाची सुरुवात मात्र एका साध्या गणिताने होते. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने ऑक्टोबर 2012 मध्ये पर्यटनाची मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात ते दिलेलं आहे. पर्यटकांना खुल्या असलेल्या रस्त्यांची लांबी घ्यायची. धूळ बसावी म्हणून दोन गाड्यांत किमान 500 मीटर अंतर धरायचं. जंगल जितके तास खुलं, तितक्या तासांना एका फेरीच्या वेळेने भागायचं. दोन्हींच्या गुणाकारातून जो आकडा येतो तो फुगलेला असतो. मग रस्त्याची धूप, प्राण्यांना होणारा त्रास, अधूनमधून बंद ठेवावे लागणारे मार्ग अशी एकेक वजावट करत तो खाली आणायचा. शेवटी एवढ्या गाड्या सांभाळायला माणसं आहेत का ते पाहायचं आणि नसतील त्या मानाने पुन्हा कात्री लावायची. उरतील तेवढ्या गाड्या सोडायच्या.

मी नकाशे करणारा माणूस. भूगोल शिकलो, गोंदियात नकाशांचं छोटंसं कार्यालय थाटलं आणि खात्यांची, समित्यांची, ग्रामसभांची कामं करत आलो. नवेगाव-नागझिऱ्याच्या बाजूला रस्ते, पाणवठे, जाळरेषा, संरक्षण कुट्या नकाशावर चढवायच्या, हे त्यातलंच एक काम. गणितातली रस्त्यांची लांबी मी मोजून द्यायचो. वजावटी किती करायच्या ते साहेब लोक ठरवायचे. पहिल्यांदा हा हिशेब मांडला तेव्हा एक जुने वनपाल शेजारी बसले होते. कागदावर नजर टाकून म्हणाले, "तुमचे पाचशे मीटर वाघ निघेपर्यंत खरे. वाघ निघाला की पाच मीटर."

ते किती खरं बोलले, हे शेजारच्या जंगलात साऱ्या राज्याने पाहिलं. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या बाजूला, जिप्सींनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना रस्त्यावरच दोन्हीकडून कोंडलं. चित्रफीत पसरली, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाईड निलंबित झाले. गाडीत बसून "भाऊ, आणखी थोडं पुढे घ्या ना" म्हणणाऱ्यांच्या वाट्याला त्या मानाने काय आलं? मला गाईडांची बाजू घ्यायची नाही, चूक ती चूकच. पण गाईडचं पोट त्या दिवशीच्या टिपवर आणि टिप वाघावर अवलंबून असेल, तर पाचशे मीटर कागदावरच राहणार, हे आराखडा करणाऱ्याला आधी कळायला हवं.

नवेगाव-नागझिऱ्याची अडचण तर याहून वेगळी आहे. इथे वाघच थोडे. डिसेंबर 2013 मध्ये नवेगाव राष्ट्रीय उद्यान, नवेगाव अभयारण्य, नागझिरा, नवीन नागझिरा आणि भंडाऱ्याच्या बाजूचं कोका अशी पाच जंगलं जोडून राज्यातला पाचवा व्याघ्र प्रकल्प झाला. कोअर क्षेत्र 656 चौरस किलोमीटर. मे 2023 मध्ये ब्रह्मपुरीकडच्या दोन वाघिणी पकडून आणून इथे सोडल्या गेल्या. ब्रह्मपुरीत वाघांची दाटी आणि आमच्याकडे रिकामी घरं, असा तो हिशेब. इथे जन्मलेला 'जय' हा राज्यातला सर्वांत नावाजलेला वाघ, पण नाव काढलं ते उमरेड-कऱ्हांडल्याचं. 2013 मध्ये तो शेतं, नद्या, महामार्ग ओलांडून तिकडे गेला आणि 2016 च्या एप्रिलनंतर कोणाला दिसलाच नाही. म्हणजे वाघासाठी ज्याने पुण्याहून गोंदियापर्यंत रेल्वेचा रात्रभराचा प्रवास केला, त्याची निराशा व्हायची शक्यता इथे ताडोबापेक्षा पुष्कळ जास्त. त्यावर उपाय म्हणून काही जण 'दृश्यता वाढवण्याचे' प्रस्ताव मांडतात. नवा पाणवठा रस्त्याच्या कडेला घ्या, रस्त्यालगतची झाडोरी छाटा, आणखी एक वळसा काढा. असे प्रस्ताव माझ्या टेबलावर आले की मी पाणवठ्याच्या खुणेला लाल रंग देतो आणि शेजारी रस्त्यापासूनचं अंतर लिहितो. एवढंच माझ्या हातात.

खरं तर नागझिऱ्याकडे दाखवण्यासारखं काय कमी आहे? ऐन, धावडा, बीजा, तिवस, तेंदू, मोह आणि मध्ये मध्ये बांबूची रांजी. रानकुत्र्यांसाठी हे जंगल जाणकारांत फार पूर्वीपासून ओळखलं जातं. रानकुत्र्यांची टोळी शिकारीला निघालेली ज्याने पाहिली, त्याला वाघाच्या झोपेचं कौतुक राहत नाही, असं माझं मत. व्यंकटेश माडगूळकरांनी 'नागझिरा' लिहिलं, किरण पुरंदऱ्यांनी 'सखा नागझिरा' लिहिलं. दोघेही इथे राहिले ते पायांनी फिरायला आणि कानांनी ऐकायला. आजच्या आराखड्यात त्या दोन्ही गोष्टींना जागा नाही, कारण गणित गाडीचं आहे. पायी चालणाऱ्याचं सूत्र त्यात कुठे बसवायचं, हे कोणी सांगितलेलं नाही.

हळूहळू माझ्या लक्षात आलं की या गणितात पर्यटक कोण, हे गणित मांडण्याआधीच ठरलेलं असतं. तो बाहेरून येतो, गाडीत बसतो आणि वाघ बघतो. गोंदिया जिल्ह्यातली माणसं जंगलात कशी, केव्हा आणि कशासाठी जातात याचा त्यात एकही रकाना नाही.

एकदा गाईडच्या प्रशिक्षणासाठी बफरमधली, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातली, पोरं जमली होती. नकाशा कसा वाचायचा हे शिकवायला मला बोलावलेलं. सुरुवातीला विचारलं, "कोअरमध्ये आधी कोण कोण गेलंय?" कोणी हात वर करेना. मग एक पोरगा उठला आणि म्हणाला, "गेटातून कधीच नाही गेलो जी, सर." सगळा वर्ग हसला, कारण मागच्या बाकावर वनरक्षक बसले होते. पुढे मी फळ्यावर नकाशा लावला तर त्याच पोराने कुठला नाला उन्हाळ्यात आटतो, कुठली बोडी, म्हणजे छोटं तळं, पाणी धरते, अस्वलं कुठल्या मोहाखाली येतात हे मला बोटाने दाखवलं. माझ्या नकाशातली एक बोडी नाल्याच्या चुकीच्या काठावर होती, तीही त्याने दाखवून दिली. त्याचं हे ज्ञान गुरांमागे फिरून आलेलं. ज्या जंगलाची त्याला इतकी खबर, त्यात तो अधिकृतपणे पहिल्यांदा जाणार होता तो गणवेश घालून, दुसऱ्याला दाखवायला.

गेट हा शब्द बफरच्या गावांत किती वजनदार आहे, हे ग्रामसभेत बसल्याशिवाय कळत नाही. चोरखमारा, मंगेझरी, पिटेझरी, नवेगावकडे बकी. ज्या गावाशेजारी गेट, त्या गावात गाईड, जिप्सीवाले, चहाची टपरी, होम स्टे. त्याच्या शेजारच्या, गेट नसलेल्या गावात तेच रानडुक्कर, तेच बिबट, तीच धानाची नासाडी. जंगलाचा त्रास सगळीकडे सारखा वाटलेला आणि जंगलाची कमाई मोजक्या ठिकाणी साचलेली. एका गावात मी नकाशा पसरून बसलो होतो. एका काकूंनी तो उलटसुलट बघितला आणि विचारलं, "यात आमच्या गावाले गेट कुठी आहे?" मी म्हटलं, काकू, तुमच्या बाजूने गेट नाही. त्या म्हणाल्या, "वाघ त आमच्याच बाजूनं निंगते." सरपंचांनी घाईघाईने पुढचा विषय घेतला.

2015 पासून राज्यात डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जनवन विकास योजना आहे. बफरमधल्या गावांना गॅस, शौचालयं, कुंपण, रोजगाराचं प्रशिक्षण असं तिच्यातून मिळतं. ग्राम परिस्थितीकीय विकास समित्या आहेत. त्यांचा उपयोग झालेलाच नाही असं मी म्हणणार नाही. सरपण आणायला जाणारी बाई आणि वाघ यांची गाठ गॅसमुळे काही प्रमाणात टळली, हे फार मोठं आहे. पण योजना वेगळी आणि पर्यटनातला वाटा वेगळा. योजना वरून येते. गेटचा पैसा रोजच्या रोज हातात पडतो. त्याची वाटणी एका गेटच्या गावापुरती न ठेवता त्या वनपरिक्षेत्रातल्या सगळ्या गावांत करावी, गाईडची भरती फिरती ठेवावी, असा मुद्दा मी प्रत्येक बैठकीत मांडत आलो. गेटवाली गावं अर्थातच नाराज होतात. त्यांचंही खरं आहे. त्यांच्याच दारातून धूळ उडवत गाड्या जातात.

आता माणसांच्या त्या शेवटच्या कात्रीकडे येतो, कारण गणिताचा सगळ्यात कच्चा दुवा तिथे आहे. पर्यटनाचा भर एप्रिल-मे. पानगळ झालेली, पाणी थोडक्या ठिकाणी, म्हणून प्राणी दिसतात. शाळांना सुट्ट्या. नेमका तोच वणव्याचा काळ. मोहफूल वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात, तेंदूला कोवळी पानं फुटावीत म्हणूनही कुठे कुठे आग लावली जाते, आणि एक ठिणगी वाऱ्यावर चढली की धावडा-ऐनाचं वाळकं रान हां हां म्हणता पेटतं. एप्रिल 2021 मध्ये नागझिऱ्यात वणवा विझवताना तीन हंगामी मजुरांचा जीव गेला. ती माणसं आसपासच्या गावांतली होती. वनरक्षकाने सकाळी गेटवर गाड्यांची नोंद बघायची, दुपारी जाळरेषेवर धावायचं आणि रात्री पाणवठ्यावर गस्त घालायची, असा तो महिना. गणितात मात्र कर्मचाऱ्यांचा आकडा वर्षभरासाठी एकच धरतात. मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, भागा आणि मोकळे व्हा. माझं सांगणं इतकंच की हा आकडा महिन्यागणिक वेगळा धरावा. आग लागलेल्या आठवड्यात गाड्या आपोआप कमी व्हाव्यात, आणि तसं होईल हे आरक्षणाच्या वेळीच पर्यटकाला सांगावं. बैठकीत याला विरोध झाला नाही. "मुद्दा चांगला आहे" असं म्हणून तो इतिवृत्तात गेला. सरकारी कामात इतिवृत्तात जाणं म्हणजे काय, हे वाचकांपैकी अनेकांना ठाऊक असेल.

आणि पाचशे मीटरचा सोस आत चालू असताना बाहेर काय होतं? गोंदियाहून कोहमाऱ्याला जाणारा रस्ता मुरदोलीच्या जंगलातून जातो. ऑगस्ट 2023 मध्ये तिथे रात्री एका भरधाव मोटारीने वाघाला उडवलं. जखमी वाघ रस्त्यावरून सरपटत झाडीत गेल्याची चित्रफीत लोकांनी फोनवर पाहिली. वाघ वाचला नाही. नागझिरा आणि नवेगाव यांच्या मधून मुंबई-कोलकाता महामार्ग जातो, पूर्वीचा 6 क्रमांकाचा, आता 53. आतल्या जिप्सीला ताशी वीसचं बंधन, बाहेरच्या मोटारीला आकाश मोकळं. जंगलाच्या नकाशावर जिप्सीचा रस्ता ठळक आणि डांबरी रस्ता फिकट दाखवायची पद्धत आहे. मी तो उलट करून छापला, तर एका बैठकीत "हा पर्यटनाचा नकाशा आहे की बांधकाम खात्याचा?" असा शेरा मिळाला.

नवेगावचं प्रकरण मला सगळ्यात जास्त शिकवून गेलं. तिथला तलाव ही माणसाने बांधलेली गोष्ट. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला असं परंपरा सांगते. सातबहिनींच्या डोंगरांच्या मधली खिंड बांधून पाणी अडवलं. गोंदिया-भंडाऱ्यात कोहळी समाजाने असे असंख्य तलाव बांधले. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, 1950 नंतर संपली, तलाव सरकारजमा झाले आणि त्यांना मामा तलाव म्हणू लागले, माजी मालगुजारी. तलावाच्या पाळीवर कोण काय करणार, पाणी सोडायचं तुडूम केव्हा उघडणार, पाणी कोणाच्या बांधीत आधी जाणार, मासे कोण धरणार, गुरं कुठे उतरणार, हे सगळं गावाने ठरवलेलं असायचं. सार्वजनिक जागा कशी वापरायची याचा आराखडा या भागाला नवा नाही.

मारुती चितमपल्ली इथे वनाधिकारी होते. माधवराव पाटील डोंगरवारांच्या सोबतीने त्यांनी तलाव, पक्षी, मासे आणि माणसं समजून घेतली. 'नवेगावबांधचे दिवस' हे पुस्तक त्यातूनच आलं. 1975 मध्ये इथे राष्ट्रीय उद्यान झालं. चितमपल्ली 18 जून 2025 रोजी सोलापूरला वारले. त्यानंतर नवेगावला फोटो काढायला येणाऱ्यांची एक लाट येऊन गेली. चांगलंच आहे. पण त्यांनी ज्या पाखरांसाठी लिहिलं ती पूर्वीच्या संख्येने येत नाहीत, हे गावातलं कोणीही सांगतं. मासेमारी करणाऱ्या ढीवर समाजाच्या एका बाईंना मी विचारलं होतं की पाखरं का कमी झाली. त्या म्हणाल्या, "पाखरं येतीन जी. पन पान्यात त्याईच्यासाठी खाले त पायजे." त्यांच्या म्हणण्याचा अर्थ नंतर कळत गेला. तलावात बेशरम ही वनस्पती माजली, बाहेरून आणलेल्या माशांनी पाणवनस्पती खाल्ल्या, देवधान आणि कमळं गेली, त्याबरोबर गावठी मासोऱ्या गेल्या आणि बदकांचं खाणंही गेलं. अर्जुनी मोरगावच्या बाजूला ढीवरांच्या सहकारी संस्था आणि त्यांच्यासोबत काम करणारी मंडळी काही तलावांत बेशरम उपटून स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावत आली आहेत. चिखलात कंबरेपर्यंत उतरून बाया हे काम करतात. पक्षी पर्यटनाची खरी गुंतवणूक मला तिथे दिसते. निरीक्षण मनोरा त्यानंतर.

नवेगावच्या तलावावर नौकाविहार असावा की नसावा यावर दोन तट आहेत. पक्षिमित्र म्हणतात बंद करा. दुकानदार म्हणतात, बंद केलं तर लोक येतील कशाला. नकाशावाल्याची सवय अशी की तो जागेचे तुकडे पाडतो, इकडे नावा, तिकडे पक्षी. पण लालसरी आणि तलवार बदकं आपण आखलेली रेघ मानत नाहीत. म्हणून मी वेळेचे तुकडे पाडायला सुचवलं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळी पाण्यात नाव नाही. दुपारनंतर मोजक्या नावा, त्याही वल्ह्याच्या. उन्हाळ्यात मोकळं. यावर दोन्ही तटांनी मला नावं ठेवली, तेव्हा वाटलं की प्रस्ताव फार वाईट नसावा.

नवेगावच्याच जंगलात कालीमाटी, कवलेवाडा, झंकारगोंदी ही गावं होती. त्यांचं पुनर्वसन सडक अर्जुनी तालुक्यात श्रीरामपूरला झालं. त्यांच्या बांध्यांची आता कुरणं झाली आहेत. उपग्रहाच्या चित्रात धुऱ्यांची जाळी अजून ओळखू येते. चितळ, गवे अशा मोकळ्या कुरणांवर उतरतात आणि पर्यटक सुंदर फोटो काढतात. गाईडच्या पाठ्यक्रमात मी एक ओळ घालायला लावली: ही जागा कोणाचं गाव होती ते सांगायचं. काही गाईड सांगतात. काही म्हणतात, सर, लोक सुट्टीला आलेले असतात, त्यांचा मूड जातो. मूड गेला तर जावा, असं मला वाटतं. जागा सोडून गेलेल्यांना अजूनही आपल्याला दिलेल्या वचनांसाठी अर्ज करावे लागतात.

व्याघ्र प्रकल्पाच्या बाहेर, सालेकसा तालुक्यात, गोंदियाची माणसं स्वतःहून जंगलात जातात. पावसाळ्यात सफारी बंद असते तेव्हा दरेकसाजवळचा हाजरा फॉल भरून वाहतो. गोंदिया, बालाघाट, डोंगरगडकडून तरुण पोरांचे जत्थे येतात. तिथली व्यवस्था नवाटोल्याच्या संयुक्त वन व्यवस्थापन समितीकडे आहे; प्रवेशाचे पैसे गावची पोरं घेतात, निसरड्या खडकावर उभं राहून शिट्टी तीच वाजवतात. इथे कोणी वाघ मागत नाही. लोक भिजतात, डबा खातात, गाणी लावतात, कचरा टाकतात. साहेब लोकांना हे पर्यटन हलकं वाटतं. मला ते फार महत्त्वाचं वाटतं. ज्याला सफारीचं आरक्षण, जिप्सीचं भाडं, गाईडची फी परवडत नाही, तो जंगलात येतो तो असाच. त्याला दटावून घरी पाठवण्यापेक्षा वाहनतळ लांब न्या, धबधब्याच्या माथ्यावर जायची वाट बंद करा, गाणी वाहनतळापाशी बंद करा, आणि पोरांना शिट्टीसोबत दोर आणि पगारही द्या, असं आमचं टिपण होतं. त्यासाठी शंभर पानांची गरज पडली नाही.

कचारगड त्याच तालुक्यात. माघ पौर्णिमेला धनेगावहून गुहेकडे गोंड समाजाची यात्रा निघते. पारी कोपार लिंगो आणि जंगो रायताड यांचं हे श्रद्धास्थान; महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगणातून लाखो लोक येतात, डोंगर चढतात, गुहेत जातात. जंगलात पायी चालणाऱ्यांसाठी गणितात सूत्र नाही असं मी वर म्हटलं. इथे लाखो माणसं चालतात आणि त्यांचं नियोजन समाजाचे लोक वर्षानुवर्षं करतात. कुठून चढायचं, कुठून उतरायचं, पाणी कुठे, पूजा कोणाची आधी. पर्यटनाच्या एका टिपणात कचारगडाचा उल्लेख 'साहसी पर्यटनाला वाव असलेलं स्थळ' असा झाला होता. मी तो खोडला. देवस्थानाला दोरी बांधून कोणी लोंबकळणार नाही, एवढं तरी आराखडा करणाऱ्याला समजावं.

राहिला सारस पक्षी. महाराष्ट्रात सारसाची वीण टिकून आहे ती मुख्यतः वैनगंगा-वाघ नद्यांच्या या पट्ट्यात. सारस अभयारण्यात राहत नाही. तो शेतकऱ्याच्या बांधीत राहतो. रोवणी झाली की पाण्यात धानाच्या रोपांचं घरटं करतो. शेतकरी तेवढा तुकडा सोडून देतो, निंदायलाही तिकडे जात नाही. 'सेवा' ही संस्था आणि गावोगावचे सारसमित्र ही घरटी राखतात, जूनमध्ये वनखात्यासोबत मोजणी करतात. 2021 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सारसाच्या घटत्या संख्येची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा कुठे विजेच्या तारांपासून कीटकनाशकांपर्यंत प्रश्नांवर कागद हलू लागले. आणि मग फोटोवाले आले. मोठी भिंगं घेऊन धुऱ्यावरून घरट्याच्या जवळ जाणारे. मला एका जाणत्या माणसाने सारस पर्यटनाचा नकाशा करायला सांगितलं, घरट्यांच्या खुणांसह. नकाशा केला, त्यात तलाव आहेत, रस्ते आहेत, कोणत्या गावच्या पाळीवर उभं राहून दुरून बघता येतं ते आहे. घरटी नाहीत. मागणारे अजून फोन करतात.

सरकारी जमिनीवरचं जंगल आणि खाजगी बांधीतला सारस, दोन्ही टिकलेत ते अशा माणसांमुळे ज्यांना आराखड्यात जागा मिळत नाही. निर्णय माझ्या हातात नाहीत, पण मत विचारलंच तर सांगतो: पुढच्या आराखड्यात प्रत्येक गेटवर रोजच्या गाड्यांतली एक गाडी जिल्ह्यातल्या शाळांसाठी फुकट राखून ठेवा. बफरमधल्या गावांच्या शाळा आधी. ज्या पोरांच्या बापाचा धान रानडुक्कर खातं, त्या पोरांनी रानडुक्कर कुठे राहतं ते एकदा तरी दाराने जाऊन पाहावं. आणि पुण्या-मुंबईच्या वाचकांना विनंती, गोंदियाला याल तेव्हा दोनपैकी एक सफारी रद्द करा, तो दिवस नवेगावच्या पाळीवर आणि एखाद्या मामा तलावाच्या काठी घालवा, मुक्काम गावातल्या घरी करा.

बफरमधल्या ग्रामसभांना आणखी एक सांगायचं आहे. वन्यजीव कायद्याच्या 38-व्ही कलमाप्रमाणे बफरच्या सीमा ग्रामसभेशी सल्लामसलत करून ठरवायच्या असतात, आणि व्याघ्र संवर्धन आराखड्यात तिथल्या लोकांची शेती, उपजीविका आणि विकास यांचं हित सांभाळायचं बंधन राज्य सरकारवर आहे. तुमच्या जंगलाच्या आराखड्याची मराठी प्रत मागा, नकाशासह मागा. ग्रामसभेच्या ठरावाने लेखी मागा आणि पोच घ्या.